दुसरी ओढ

"पयली ओढ खोटी वं, तिच्यावर नोको जाऊ,
पुसून बुडव काडी, मंग खरं काय ते पाहू.
दुसरी ओढ खरी वं, तिले नोको भिऊ,
जेवढं दिसन तेवढं सांग, वाढवून नोको देऊ."

हे गाणं मोनालीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती सात वर्षांची होती. संत्र्याच्या ट्रकचं बोनेट उघडलेलं, बाप हिरामण कमरेपासून आत वाकलेला, आणि ती बंपरवर चवड्यांवर उभी. तिच्या हातात आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं. बाया जात्यावर बसून ज्या चालीत गातात, तीच चाल हिरामणनं इंजिनाला लावली होती. आपली आई दळताना गायची, तिच्या मांडीवर झोपून ती चाल अंगात मुरली, असं तो सांगायचा.

तेल मोजायच्या पट्टीला मिस्तरी लोक गेज म्हणतात. हिरामण काडी म्हणायचा. इंजिनाच्या पोटातल्या तेलात ती बुडालेली असते. गाडी चालून आली की तेल उडून नळीभर लागलेलं असतं, म्हणून पहिल्यांदा ओढलेली काडी वरपासून खालपर्यंत माखून येते, आणि पाहणाऱ्याला वाटतं, वा, भरून आहे! ती लबाडी असते. पुसायची, परत खालपर्यंत बुडवायची, परत ओढायची. तेव्हा कुठं तेल आपली खरी जागा सांगतं. खालची खूण, वरची खूण, आणि त्या दोघींच्या मध्ये इंजिनाचा जीव.

आज मोनाली अठ्ठावीसची आहे. ट्रक कधीच विकला गेला. सौंसरच्या घरासमोर आता तिची स्वतःची पांढरी सात शिटांची गाडी उभी असते. जुनीच घेतलेली, पण तिच्या नावावरची. मंगळवारी आणि शनिवारी ती जामसांवलीच्या मारुतीला जाणारी माणसं नेते-आणते. तिची आई मालती हसून म्हणते, "आपन बुद्धाचे, अन् चूल पेटते मारुतीच्या भक्ताइवर. दोन दिवस त्याचे, बाकीचे पाच उपासाचे."

त्या पाच दिवसांसाठीच आजची धावपळ होती.

पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं तशी तिथं नवी दफ्तरं उघडली. त्यातल्या एका दफ्तराला गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाया आणि सुपरवायझर बायांसाठी गाडी हवी होती, वर्षभराच्या बोलीवर, आणि जमलं तर बाई ड्रायव्हर. मोनालीनं अर्ज टाकला. आज मंगळवार, गाडी तपासायचा दिवस. बारा वाजेपर्यंत गाडी पांढुर्ण्याच्या दफ्तरासमोर उभी पाहिजे. बाराच्या पुढं जो आला तो गेला, असं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. मोनालीनं मारुतीचा मंगळवार सोडला आणि पहाटेच गाडी धुतली.

ती केस विंचरत होती तेव्हा बाहेर बोनेट उघडल्याचा आवाज आला. मग गाणं नाही, नुसतं खाकरणं. मग बोनेट पडल्याचा धप्प आवाज.

"बराबर हाय!" हिरामण दारातून ओरडला. "वरच्या खुणेले टेकून हाय. चला आता, बाया कितीक वेळ नटतेत!"

"नटून नाही राहिली बाबा, कागदं पाहून राहिली."

"अवो, तिले डबा तं घेऊ द्या," मालती आतून म्हणाली. "पोरगी उपाशी पोटी साहेबासमोर उभी राहीन का?"

मोनाली गाडीत बसली. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला फडक्याची गाठ बांधलेली होती. ही त्या घरची रीत. ज्यानं तेल पाहिलं त्यानं काडी पुसलेलं फडकं स्टिअरिंगला बांधायचं. गाठ दिसली की त्या दिवशी दुसऱ्या कोणी काडीला हात लावायचा नाही. फार वर्षांपूर्वी हिरामणनं सकाळी ट्रकमध्ये तेल ओतलं आणि त्याच्या भावाला ठाऊक नसल्यानं त्यानंही वरून एक डबा ओतला. जादा तेलानं घाटात सील फाटलं, धूर निघाला, आणि भरली संत्री दोन दिवस उन्हात सडली. तेव्हापासून घरात कायदा झाला : एका इंजिनाले एकच हात. फडकं बांधलं म्हणजे बोलणं संपलं.

मोनालीनं गाठ सोडून फडकं दाराच्या खिशात कोंबलं. हाताला ते मऊ, कोरडं लागलं. पांढऱ्यावर निळी फुलं, आणि फुलं कशी स्वच्छ. आईनं धुतलं असंल, तिच्या मनात आलं, आणि ते आलं तसं गेलं.

हिरामण बाजूच्या सीटवर बसला. पट्टा लावताना त्याचा हात खाच शोधत दोनदा चुकला. दिवाळीपासून तो गाडी चालवत नव्हता. गुडघा धरतो म्हणायचा.

गाव मागं पडलं. दोन्ही अंगांनी संत्र्यांचे बगीचे, तोडणीला आलेले. मधूनमधून वेचून झालेल्या कपाशीची उभी झाडं, बोंडांच्या रित्या टरफलांची. टेकड्यांवर पळस पेटला होता. शिमगा जवळ आला की इथल्या रानाला कुंकवाचं वेड लागतं. मोनालीचं मात्र लक्ष घड्याळात. दहा वीस.

"सावकाश चालव," हिरामण म्हणाला. "तासाभराची वाट. पोहोचून चहा पिशीन."

"भगवंतराव तपासणार हायेत म्हणते. स्टेशनाजवळचे."

"भगवंता?" हिरामणचा चेहरा उजळला. "अवं, आमी एका ताटात जेवलो हाय! त्याच्या गॅरेजात माह्या ट्रकचं इंजिन किती वेळा उघडलं. तो बी सांगन, हिरामणच्या हातचं तेल म्हणजे..." तो थांबला. "म्हणजे तेल," असं काहीतरी पुटपुटला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर पळस होते. त्याबद्दल तो काही बोलला नाही. दरवर्षी बोलायचा.

जामसांवलीच्या फाट्याशी गर्दी होती. नारळवाले, फुलवाले, लाल झेंडे. मोनालीनं ब्रेक दाबला, गाडी पुढं झुकली, आणि स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या चौकटीत काहीतरी लाल लुकलुकलं.

तिनं पाहिलं तोवर ते विझलं होतं.

गर्दी संपली. रस्ता मोकळा झाला. पुढच्या वळणावर गाडी एका अंगाला कलली आणि परत तेच. लाल. या खेपेला नीट दिसलं : चोचीच्या झारीचं छोटं चित्र, चोचीखाली एक थेंब. तेलाचा दिवा. वळण संपलं, दिवा गेला.



"बाबा, तेलाचा दिवा लागून राहिला."

"कुठं?"

"इथं. आता विझला."

"वायर हालली असंन," हिरामण म्हणाला, समोर पाहत. "सकाळीच पाह्यलं म्या. वरच्या खुणेले टेकून हाय. चाल."

तिनं वेग कमी केला. खिडकीची काच खाली घेतली आणि कान दिला. इंजिन गात होतं, नेहमीचंच. पण त्या गाण्याच्या तळाशी, फार खोल, कोणी लहानशा हातोडीनं टकटक करावी तसं काहीतरी होतं. की नव्हतं? भीती कानात बसली की कान काहीही ऐकतात. दहा चाळीस. पुढं छोटा चढ. चढाच्या शेवटी वळण.

वळणावर दिवा लागला आणि या खेपेला तो विझायला वेळ घेऊ लागला.

लाल दिवा दिसला का चाबी बंद. मंग देव येवो का राजा. हेही ह्याच बापाचं बोलणं. मोनालीनं गाडी कडेच्या सपाट जागेवर घेतली, एका बाभळीखाली, आणि किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. कपाशीच्या वाळल्या पानांची सळसळ ऐकू यायला लागली.

"काहून थांबली?"

"दिवा, बाबा."

"अगं, वायर म्हणलं ना!" हिरामणचा आवाज चढला. "बारा वाजता हाजिरी हाय तुही. वर्षभराचं काम हाय. तू दिव्याचं नाटक लावून बसली! म्या पाह्यलं ते खोटं, अन् त्या दिव्यानं सांगितलं ते खरं?"

"खोटं कोण म्हणते? एकदा पाहून घेऊ."

"फडकं बांधलं होतं का नाही म्या?"

"होतं."

"मंग?"

वीस वर्षं त्या घरात गाठीवरून वाद झाला नव्हता. मोनालीनं दाराच्या खिशातलं फडकं काढलं आणि मांडीवर पसरलं. निळी फुलं, पांढरं पोत. पाच आठवड्यांपूर्वी, संक्रांतीनंतर, बाबांनी अंगणात स्वतः तेल बदललं होतं. जुनं तेल काजळीसारखं काळं असतं, फडक्यावर कोळसा उमटवतं. नवं तेल मधाच्या रंगाचं, पण त्याचाही डाग पडतोच. ह्या फडक्यावर एक पिवळा ठिपकाही नव्हता. आईनं धुतलं असंल तर ते काल धुतलं. आज सकाळी काडी पुसली ती कशानं? आणि काडीला तेल असतं तर ते गेलं कुठं?

पण हे फडकं बापापुढं धरायची तिची छाती झाली नाही.

"बाबा," ती हळू म्हणाली, "आपली गाडी हाय. रस्त्यात बंद पडली तं लोक म्हणतीन, बाई ड्रायव्हर. तुमीच पाहा. मी काडीले हात लावत नाही. तुमीच ओढा, तुमीच सांगा."

त्यानं हिरामणचा राग थोडा उतरला. तो दार धरून खाली उतरला. मोनालीनं आतून बोनेटचा खटका ओढला.

"दहा मिनटं बसू दे तेल खाली," तो म्हणाला, जणू ती अजून सात वर्षांची. "गरम इंजिनाले लगेच विचारलं का ते खोटंच बोलते."

दहा मिनिटं! मोनाली फोनच्या आकड्यांकडे पाहत उभी राहिली. दहा एक्कावन. एक एसटी गेली, नागपूरकडे जाणारा संत्र्यांचा ट्रक गेला. ट्रकवाल्यानं ओरडून विचारलं, "क्या हुआ बहनजी, धक्का मारू क्या?" तिनं हात हलवून जा म्हटलं. दहा पंचावन. बाप बाभळीच्या सावलीत उकिडवा बसला होता आणि बोटांनी माती चाळवत होता. त्याला ती नीट पाहत होती, कितीतरी दिवसांनी. तो ट्रकच्या आवाजाकडे पाहत होता. ट्रक पुढं गेला तरी त्याची नजर मागंच होती.

अकरा वाजले.

हिरामण उठला. बोनेटवर तळहात ठेवून तो कडेकडेनं सरकत गेला, मग हात आत घातला. बोटांनी नळी चाचपली, वळसा घेतला, आणि काडीचं पिवळं कडं त्याच्या बोटात आलं. बोटांना सगळं पाठ होतं. त्यानं ओढली. फडक्यानं पुसली, मुठीत धरून, वरून खाली, एकदा, दोनदा. परत बुडवली. परत ओढली. मग आभाळाकडे धरून, डोळे बारीक करून, अगदी पूर्वीसारखा पाहत राहिला.

काडी मोनालीच्या तोंडापासून हातभर लांब होती.

ती कोरडी होती. वरची खूण कोरडी, खालची खूण कोरडी. त्याही खाली, अगदी टोकाला, मधाच्या रंगाचा एक थेंब लोंबत होता आणि उन्हात चमकत होता.

"कुठवर हाय, बाबा?" तिच्या तोंडून गेलं.

हिरामणनं अंगठा काडीच्या टोकावरून फिरवला, तर्जनीवर घासला. तेल लागलं. तो खूश झाला.

"वरच्या खुणेले," तो म्हणाला. "टेकून. म्हणलं ना म्या."

थेंब गळून मातीत पडला.

मोनालीला सगळं एका दमात दिसलं. दिवाळीपासूनचा गुडघा. ताटातल्या भाजीवर त्यानं दोनदा घेतलेलं मीठ. लग्नाची पत्रिका आली तर "तूच वाच, माह्या हाताले पीठ लागलं" म्हणणारा बाप, ज्याच्या हाताला पीठ कधी लागलं नव्हतं. काळं तेल त्याला कसंबसं कळत असंल, काळ्या रेघेसारखं. नवं तेल चकाकत्या पोलादावर डोळसालाही लवकर दिसत नाही. पाच आठवडे तो रोज सकाळी धुक्यात काडी धरून 'बराबर' म्हणत होता, फडकं बांधत होता, आणि त्या गाठीवर भरवसा ठेवून ती माणसांनी भरलेली गाडी पळवत होती.

तिला ओरडावंसं वाटलं. माझी गाडी, बाबा! माझी माणसं! दुसऱ्याच क्षणी तिला त्या अंगठ्याला मिठी मारावीशी वाटली. यातलं काहीच तिनं केलं नाही.

"बाबा, तुमी जरा तिकडं पाणी पिऊन घ्या. हापशी हाय त्या शाळेपाशी."

"मले तहान नाही."

"घ्या ना जी. ऊन लागून राहिलं."

तो गेला. पायानं कड चाचपत गेला, ते तिनं पाहिलं. मग ती मागच्या दाराकडे धावली. डिकीत जादा तेलाचा एक लिटरचा डबा असतो, न फोडलेला. हीही त्याचीच शिकवण. झाकण, नरसाळं. तिनं थोडं थोडं ओतलं. आवाज होऊ नये म्हणून डबा तिरका धरला, तरी तेलाला आपला आवाज असतोच. गुळुक. गुळुक. ती मधेच थांबली आणि वर पाहिलं.

हिरामण हापशीपाशी उभा होता. हापशी हलत नव्हती. त्याची मान कलती होती, कान गाडीकडे.

तो आवाज चाळीस वर्षं त्याच्या ओळखीचा. भरलेल्या इंजिनात कोणी तेल ओतत नाही.

मोनालीनं डबा रिता केला. वाट पाहिली. काडी ओढली, पुसली, बुडवली, ओढली. तेल खालच्या खुणेला जेमतेम शिवलं होतं. जीव वाचण्यापुरतं. मग तिनं ओढणी बाजूला करून मातीत गुडघे टेकले आणि गाडीखाली पाहिलं. तेल काढायचा तळचा बोल्ट ओला होता. त्याच्या कडेचा वायसर एका अंगाला तिरपा दबलेला, आणि त्या फटीतून एक थेंब तयार होत होता, सावकाश, बाळाच्या ओठाच्या लाळेसारखा. अंगणात माती होती. मातीनं पाच आठवडे सगळं पिऊन टाकलं होतं.

ह्या तिरप्या वायसराला आता हात लावला तर उरलंसुरलं तेलही जाईल. पांढुर्ण्यापर्यंत हा थेंब पुरवायचा. ती उठली. अकरा चौदा.

हिरामण येऊन आपल्या सीटवर बसला. तोंड ओलं नव्हतं. मोनालीनं फडकं उचललं. आता त्यावर मधाच्या रंगाची लांब रेघ होती. तिनं ते स्टिअरिंगला बांधलं आणि गाठ आवळली. आयुष्यात पहिल्यांदा ती गाठ तिनं बांधली होती. बापानं गाठीकडे तोंड वळवलं.

दिवा लागला नाही. तिनं वळणं हळू घेतली, ब्रेक हळू दाबले, चढाला गाडीला गोंजारलं. प्रत्येक वळणावर तिची नजर त्या काळ्या चौकोनात जायची, जिथं झारी दडून बसली होती. घामानं तिची पाठ सीटला चिकटली. हिरामण एकदाच बोलला.

"किती वाजले?"

"साडेअकरा."

"पोहोचशीन," तो म्हणाला. त्यानं 'पोहोचू' म्हटलं नाही.

पांढुर्ण्याच्या दफ्तरासमोर तीन गाड्या उभ्या होत्या. बाराला सात कमी. मोनालीनं चौथी गाडी लावली. बाजूच्या चकाचक गाडीला टेकून प्रफुल्ल उभा होता. पांढुर्ण्याचाच, ह्याच कामासाठी आलेला, गॉगल कपाळावर.

"आली का ताई? आमी म्हणलं रस्त्यात हळदीकुंकू लागलं."

"लागलं होतं ना," मोनाली म्हणाली. "तुमच्या नावाची ओटी घेऊन ठेवली."

बाकीचे हसले. प्रफुल्लही हसला, पण गॉगल डोळ्यांवर घेतला.

विजया मॅडम फाइल घेऊन पायरीवर उभ्या होत्या. ज्यांच्या सहीवर हे काम होतं त्या ह्याच. त्यांनी घड्याळ पाहिलं, नावावर खूण केली. भगवंतराव मिस्तरी मधल्या गाडीखालून बाहेर आले. सत्तरीचे, जाड भिंगांचा चष्मा, हातात टॉर्च. "ही झाली, आता पुढची," ते म्हणाले.

"भगवंता!" हिरामण आवाजाच्या दिशेनं वळला. "जय भीम!"

"जय भीम, हिरामण! अरे, तू? ही पोरगी तुही? मंग तं झालंच काम!" भगवंतराव मॅडमकडे वळले. "मॅडम, याच्या हातचं इंजिन म्हणजे डोळे मिटून घ्या."

हिरामणची मान खाली गेली.

भगवंतरावांनी टायर पाहिले, ब्रेक दाबून पाहिले, पट्टे ओढले, दिवे लावले. सगळ्याला मान हलली. बोनेट उघडलं. काडी ओढली, पुसली, बुडवली, ओढली. चष्मा नाकावर सरकवला.

"खालच्या खुणेवर," ते म्हणाले. आवाजात नवल होतं. "हिरामणच्या घरची गाडी, अन् तेल खालच्या खुणेवर?"

ते टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते. मोनाली त्या पायांकडे पाहत राहिली. प्रफुल्ल दुसऱ्याच्या कानात काही बोलला.

भगवंतराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटाच्या टोकावर मधाच्या रंगाचा थेंब होता. त्यांनी तो मॅडमना दाखवला.

"तळचा बोल्ट गळून राहिला. वायसर तिरपा बसला, तसाच आवळला. वायसर बदलणं दोन मिनटाचं काम हाय, त्याचं काही नाही. गाडी चांगली हाय. पण मॅडम, मी गाडी नाही पाहत, हात पाहतो. हा बोल्ट ज्यानं लावला त्यानं डोळे उघडे ठेवून नाही लावला. या गाडीत बाया रानारानातून फिरतीन. इंजिन बसलं तं तिथं कोण हाय?" ते वळले. "कोणी बदललं हे तेल?"

घड्याळात बारा वाजून गेले होते. मोनालीला वाटलं, हा प्रश्न तिच्या जन्मापासून तिच्याकडे चालत येत होता. 'बाबांनी' हा एक शब्द. एकच शब्द, आणि वर्षाचं काम हातात. तिनं बापाकडे पाहिलं. त्याचा अंगठा तर्जनीवर घासत होता. रिकामाच.

"म्या," ती म्हणाली.

"तू?"

"हो जी. म्याच बदललं. घाई झाली."

"अन् तेल रोज कोण पाहते?"

"मीच."

प्रफुल्ल मोठ्यानं हसला. "पाहा मॅडम! बाईच्या हातून बोल्ट नाही आवळल्या जात, अन् तुमी गाडी देऊन राहिले."

भगवंतराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, उगाच, वेळ काढत. "हिरामण," ते वाईट वाटून म्हणाले, "तू पोरीले हे शिकवलं?"

विजया मॅडमनी फाइल उघडली. मोनालीच्या नावावर पेन टेकलं. त्या निर्दय बाई नव्हत्या, थोडं थांबल्या. मोनालीनं खालचा ओठ दातांत धरला होता. रडायचं नाही, निदान ह्या गॉगलवाल्यासमोर तरी नाही. तिनं खिडकीतून हात घालून स्टिअरिंगवरचं फडकं सोडलं आणि हातात घट्ट धरलं, काहीतरी धरायला हवं होतं म्हणून.

तेव्हा तिच्या मुठीवर एक हात आला. राठ, तेलकट, चाचपत आलेला. त्यानं तिची बोटं एकेक करून उघडली आणि फडकं काढून घेतलं.

"थांबा मॅडम," हिरामण म्हणाला. "ही पयली ओढ होती. खोटी. माही पोरगी खोटं बोलून राहिली."

"बाबा, नोको..."

"चूप." तो हळू बोलला, पण अंगणभर ऐकू गेलं. "तो बोल्ट म्या लावला. रोज काडी म्या पाहतो. ही काडीले हातबी नाही लावत, माही गाठ पाहून गाडी काढते. आज रस्त्यात दिवा लागला तं म्या तिले चाल म्हणलं, अन् तिनं माह्यं न ऐकता चाबी बंद केली. तेल तिनं ओतलं. म्हणून तुमच्या दारात गाडी उभी हाय. हात पाहायचा तं तिचा पाहा."

पेन कागदावरून उचललं गेलं होतं. भगवंतराव एक पाऊल पुढं आले.

"पण हिरामण, तुह्या हातून असा वायसर? तुह्या?"

हिरामणनं फडक्याची घडी केली, निळी फुलं आत, तेलाची रेघ बाहेर, आणि ती छातीशी धरली. मग ज्या दिशेनं आवाज आला होता, त्या दिशेला तोंड करून तो म्हणाला,

"मले दिसत नाही, भगवंता. दिवाळीपासून काडीवरची खूण दिसत नाही, पळस दिसत नाही, पोरीचं तोंड दिसत नाही. तुले बी आता मी आवाजावरूनच वळखलं."